एमा आवडली नाही. मग लेडी सुसान वाचावी का?

खानापूरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, जेन ऑस्टिनच्या सहापैकी तीन कादंबऱ्या त्यांनी मूळ इंग्रजीतून वाचल्या. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील एलिझाबेथ त्यांच्या मनात भरली. ‘एमा’ मात्र अर्ध्यावरच ठेवून द्यावीशी वाटली, कारण दुसऱ्यांच्या सोयरिकी जुळवीत आणि मोडीत हिंडणारी ही गर्विष्ठ मुलगी नायिका कशी, हेच त्यांना उमगेना. आता त्यांच्या बेळगावातील वाचनमंडळात ऑस्टिनच्या फारशा न वाचल्या जाणाऱ्या लेखनाचा विषय निघाला आहे, आणि त्यातली लेडी सुसान तर एमापेक्षाही वाईट बाई आहे, असे त्यांच्या कानांवर आले आहे. तेव्हा हे लेखन वाचावे का, कोणत्या क्रमाने वाचावे, आणि अपुऱ्या राहिलेल्या कादंबऱ्या वाचून हाती काय लागते, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

वाचावेच, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते वाचून झाल्यावर ‘एमा’कडे परत यावे. बेळगावच्या पदवी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवताना माझ्यासमोर खानापूर, निपाणी, चंदगड या बाजूंची मुले-मुली असत. शिक्षण मराठी शाळेत झालेले, बाजारात आणि बसमध्ये कन्नड सहज बोलणारी, पण जाडजूड इंग्रजी कादंबरी समोर आली की बिचकणारी अशी ही मंडळी. त्यांच्या हाती थेट ‘एमा’ दिली की तुमचीच तक्रार शब्दशः ऐकू येई. त्यांना मी आधी ऑस्टिनचे किशोरवयातले लेखन आणि मग ‘लेडी सुसान’ वाचायला देत असे, आणि त्यानंतर ‘एमा’विषयी होणारी चर्चा फार वेगळी होत असे. त्याचे कारण मी जरा विस्ताराने सांगते.

आपल्या परिचयाची ऑस्टिन ही १८११ ते १८१७ या काळात छापली गेलेली ऑस्टिन आहे. तिचा जन्म मात्र १७७५ सालचा, आणि ती लिहू लागली ती साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी. त्या वयापासून अठराव्या वर्षापर्यंतचे तिचे लेखन तिने स्वतः तीन वह्यांमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवले होते. या वह्यांतील नायिका पाहिल्या म्हणजे ‘एमा’ फारच सोज्ज्वळ वाटू लागते. ‘द ब्यूटिफुल कॅसांड्रा’ ही अवघ्या काही ओळींच्या बारा प्रकरणांची ‘कादंबरी’ घ्या. लंडनमध्ये टोप्या शिवणाऱ्या बाईची ही मुलगी, आईने एका उमराव स्त्रीसाठी तयार केलेली टोपी स्वतःच्याच डोक्यावर घालून घराबाहेर पडते, मिठाईवाल्याच्या दुकानात सहा आइस्क्रीम खाते, पैसे द्यायचे नाकारून त्यालाच खाली पाडते, भाड्याच्या घोडागाडीतून दूरवर जाऊन परत येते, गाडीवानाला द्यायला पैसे नाहीत म्हणून ती टोपी त्याच्या डोक्यावर ठेवून पळ काढते, आणि सुमारे सात तासांनी घरी येऊन दिवस सार्थकी लागल्याचे समाधान व्यक्त करते. तिला कोणी रागावत नाही. आई तिला पोटाशी धरते. ‘हेन्री अँड एलायझा’मधील एलायझा पन्नास पौंडांची नोट चोरते, आणि पुढे तिच्या मुलांना इतकी भूक लागते की ती तिची दोन बोटे चावून तोडतात. ‘लव्ह अँड फ्रेंडशिप’ हे पत्ररूप लेखन तिने जून १७९० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी पूर्ण केले. त्यात शब्दाशब्दाला मूर्च्छित पडणाऱ्या दोन भावविवश मैत्रिणी आहेत. ओल्या गवतावर मूर्च्छित पडून आजारी झालेली त्यातली एक मरताना दुसरीला सांगते की, हवे तितक्या वेळा वेडी हो, पण मूर्च्छित पडू नकोस.

हा निव्वळ पोरकटपणा आहे, असे म्हणून पुष्कळजण या वह्या बाजूला सारतात. मला ते पटत नाही. त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांत नायिका म्हणजे सौंदर्य, सद्गुण आणि अश्रू यांचा पुतळा असे, आणि हा पुतळा ही मुलगी चौदाव्या वर्षीच जाणूनबुजून फोडते आहे. सदोष नायिका ही ऑस्टिनला पुढे केव्हातरी सुचलेली कल्पना नव्हे; तिथूनच तिची सुरुवात झाली. छापील कादंबऱ्यांत तिने हा उद्दामपणा आवरला आणि सभ्य घरांच्या दिवाणखान्यांत आणून बसवला, इतकेच.

मग हे लेखन वाचकांपासून इतकी वर्षे दूर का राहिले? १८ जुलै १८१७ रोजी विंचेस्टर येथे तिचे निधन झाले, तेव्हा ती ४१ वर्षांची होती. बहीण कॅसांड्रा हिने तिची बरीचशी पत्रे पुढे जाळून टाकली. १८७० च्या सुमारास जेम्स एडवर्ड ऑस्टिन-ली या भाच्याने तिचे चरित्र लिहिले आणि त्यात एक शांत, प्रेमळ, घरगुती आत्याबाई उभी केली. त्या आत्याबाईच्या शेजारी टोपी चोरणारी कॅसांड्रा शोभणारी नव्हती. चरित्राच्या १८७१ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने ‘लेडी सुसान’ आणि ‘द वॉट्सन्स’ छापले. किशोरवयातील वह्या मात्र विसाव्या शतकातच वाचकांसमोर आल्या, ‘लव्ह अँड फ्रेंडशिप’ असलेली वही १९२२ साली आणि शेवटची १९५१ साली. घरातल्या कर्तबगार बाईच्या निधनानंतर तिच्या स्वभावाचे कंगोरे घासून तिची तसबीर भिंतीवर लावण्याची रीत आपल्याकडेही काही अनोळखी नाही.

आता लेडी सुसान. ही लघुकादंबरी बहुधा १७९४ च्या सुमारास, म्हणजे लेखिकेच्या विशीच्या आतच लिहिली गेली. आज उपलब्ध असलेली स्वच्छ प्रत मात्र नंतर उतरवलेली आहे, कारण तिच्या कागदात तो बनवतानाच उमटवलेले १८०५ सालचे जलचिन्ह (वॉटरमार्क) आहे. एकूण ४१ पत्रे आणि शेवटी एक छोटा उपसंहार, एवढाच तिचा विस्तार. सुसान व्हर्नन ही पस्तिशीची, पण पंचविशीची दिसणारी विधवा. नवरा जाऊन चार महिने झालेले; ज्या घरी ती पाहुणी म्हणून राहिली, तिथल्या यजमानाशीच तिचे सूत जुळल्यामुळे ते घर तिला सोडावे लागले आहे. ती आता धाकट्या दिराच्या घरी येते. या दिराचे लग्न होऊ नये म्हणून तिने एकेकाळी खटपट केलेली होती, त्यामुळे जाऊ कॅथरीन पहिल्यापासूनच सावध आहे. तेवढ्यात जावेचा तरुण भाऊ रेजिनाल्ड या बाईची फजिती पाहण्यासाठी म्हणून येतो आणि काही दिवसांतच तिच्या पुरता कह्यात जातो. शिवाय सुसानची सोळा वर्षांची मुलगी फ्रेडरिका आहे, जिला आई सर जेम्स मार्टिन नावाच्या श्रीमंत मठ्ठाच्या गळ्यात बांधू पाहते.

तुमच्या मंडळात हे पुस्तक घ्याल, तेव्हा पहिली दोन पत्रे लागोपाठ मोठ्याने वाचा. पहिले पत्र सुसानने दिराला लिहिलेले आहे. त्यात तुमच्या सहवासाची ओढ, जावेला भेटण्याची उत्कंठा आणि लेकीच्या शिक्षणाची काळजी ओतप्रोत भरलेली आहे. दुसरे पत्र लंडनमधील मैत्रीण ॲलिशिया हिला आहे. त्यात ते खेडे म्हणजे असह्य जागा असल्याचे, आपली मुलगी म्हणजे जन्माची पीडा असल्याचे आणि मुलीला घातलेल्या महागड्या शाळेची फी आपण कधीही भरू शकणार नसल्याचे ती सहजपणे लिहून टाकते. निवेदक मध्ये येऊन एक शब्द बोलत नाही. पुढची बहुतेक पत्रे या मैत्रिणींची एकमेकींना आणि जावेने माहेरी आईला लिहिलेली आहेत. खरी चकमक या दोन पत्रव्यवहारांमध्येच चालते: एकीकडे सुसान स्वतःचे डावपेच मिटक्या मारीत सांगते, दुसरीकडे जाऊ तेच प्रसंग धास्तावून आईला कळवते. फ्रेडरिकाच्या वाट्याला मात्र ४१ पैकी एकच पत्र येते. जिच्या लग्नावरून हे सगळे चालले आहे, तिला एका पत्रापुरताच आवाज असावा, ही योजना मला या पुस्तकातली सर्वांत कठोर गोष्ट वाटते.

सुसान वाईट आहे, यात शंका नाही. ती खोटारडी आहे, मुलीशी निर्दयपणे वागते, आणि मैत्रिणीच्या नवऱ्याबद्दल तर म्हणते की, तो धड प्रसन्न असण्याच्या वयाचा राहिला नाही आणि मरण्याच्या वयाचाही झालेला नाही. तरीही तिच्या पत्रांची आपण वाट पाहू लागतो, कारण त्या संपूर्ण पुस्तकात बुद्धी तिच्याचकडे आहे. आणि ती बुद्धी वापरण्याचे मार्ग तिच्यापुढे किती आहेत? घराण्याचा गढीवाडा विकला गेलेला, नवरा नाही, स्वतःचे घर नाही, कमाईचा प्रतिष्ठित मार्ग त्या काळी तिच्या वर्गातील स्त्रीला जवळपास नव्हताच. तिच्याजवळ रूप आणि जिव्हा या दोनच गोष्टी आहेत, आणि भाषेवर प्रभुत्व असले की मान आपोआप मिळतो, असे ती स्वतःच एका पत्रात लिहिते. यामुळे तिचा दुष्टपणा क्षम्य ठरत नाही. पण तो कशातून जन्मला हे दिसते. शेवटी ती त्या मठ्ठ सर जेम्सशी स्वतःच लग्न करते. तिला शिक्षा होत नाही. या दुसऱ्या लग्नात ती सुखी झाली की नाही हे कळायला मार्ग नाही, कारण तिच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार, असे म्हणून ऑस्टिन तिला सोडून देते. त्याआधी पत्रे एकाएकी थांबवताना, यामुळे टपाल खात्याचे मोठेच नुकसान झाले, असा शेराही ती मारते.

‘द वॉट्सन्स’ ही त्याची दुसरी बाजू आहे. १८०४ च्या सुमारास सुरू केलेली ही कादंबरी सुमारे साडेसतरा हजार शब्दांवर थांबली. जानेवारी १८०५ मध्ये ऑस्टिनचे वडील वारले, त्याचा या थांबण्याशी संबंध जोडला जातो. चौदा वर्षे श्रीमंत मावशीकडे वाढलेली एमा वॉट्सन, मावशीने दुसरे लग्न केल्यामुळे माहेरी परत पाठवली जाते. वडील आजारी पाद्री आहेत. ते गेले की घरही जाणार. घरात बिनलग्नाच्या बहिणी आहेत. त्यांपैकी पेनेलोपीने थोरल्या एलिझाबेथचे जुळत आलेले लग्न मोडले आहे आणि आता ती दम्याच्या विकाराने जर्जर अशा एका श्रीमंत वृद्धाच्या मागे लागली आहे. हे ऐकून धाकटी एमा म्हणते की, न आवडणाऱ्या माणसाशी लग्न करण्यापेक्षा मी शाळेत शिक्षिका होईन. त्यावर एलिझाबेथ तिला सुनावते की, शाळेत काय हाल असतात ते मी पाहिले आहे, तू पाहिलेले नाहीस. हा संवाद वाचताना वर्गात नेहमी शांतता पसरत असे. पुस्तकाची नायिका निर्दोष आहे, पण मला विचाराल तर खरी नायिका ही एलिझाबेथ आहे: थोडी बोलघेवडी, थोडी लाचार, आणि कोणाही हसतमुख, बऱ्यापैकी उत्पन्नाच्या माणसाशी जमवून घेईन असे मोकळेपणाने सांगणारी.

आपल्या भागातल्या वाचकांना या पुस्तकाची किल्ली शोधावी लागत नाही. १९९४ साली कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा दिला, आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलींनाही तो मिळाला. तरीसुद्धा माहेर तुटू नये म्हणून नोंदणी कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी सीमेच्या दोन्ही बाजूंना घरोघर आहेत. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’च्या दुसऱ्या प्रकरणात भाऊ आपल्या सावत्र बहिणींना तीन हजार पौंड देण्याचे ठरवतो, आणि त्याची बायको एकेका वाक्याने ती रक्कम घटवत अखेर अधूनमधून मासळी आणि शिकार भेट पाठवण्यावर आणून ठेवते. हे प्रकरण शिकवताना मला इंग्लंडचा वारसा कायदा फारसा समजावून सांगावा लागत नसे.

एवढे वाचून झाल्यावर ‘एमा’ पुन्हा उघडा. पहिल्याच वाक्यात लेखिका सांगते की एमा वुडहाउस देखणी, हुशार आणि श्रीमंत आहे. तिच्या नावावर तीस हजार पौंड आहेत. तिला लग्न करण्याची गरज नाही, आणि ऑस्टिनच्या नायिकांत हे स्वातंत्र्य असलेली ती एकटीच आहे. सुसानची हुशारी पोटासाठी कावेबाज झाली. एमाच्या हुशारीला काहीच काम नाही, म्हणून ती दुसऱ्यांच्या आयुष्यात लुडबुड करते. दोघी एकाच मुशीतल्या आहेत आणि फरक उत्पन्नाचा आहे, हे एकदा ध्यानात आले की एमाच्या गर्वाची चीड येते, पण कंटाळा येत नाही. तिची मैत्रीण हॅरिएट हिने रॉबर्ट मार्टिनला नकार द्यावा म्हणून ती जी चलाखी करते, तिच्यात सुसानच्या पत्रांचा सूर स्पष्ट ऐकू येतो. हा मार्टिन, एमाच्या शेजारचा जमीनदार नाइटली याची जमीन खंडाने कसणारा शेतकरी आहे, आणि अशा लोकांशी आपला काही संबंध येऊ शकत नाही, असे एमा म्हणते. ज्यांच्या आजोबांनी कुळ म्हणून जमीन कसली आणि १९७४ च्या जमीन सुधारणेनंतर ती नावावर करून घेतली, अशा घरांतले माझे विद्यार्थी या ठिकाणी एमावर खवळून उठत, आणि ते योग्यच होते. तिने चूक केली आहे, हे वाचकाला तिच्याआधी कळावे, अशीच या कादंबरीची रचना आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे की, निदान बॉक्स हिलच्या सहलीपर्यंत तरी पुस्तक सोडू नका. तिथे एमा गरीब, बडबड्या मिस बेट्सचा चारचौघांत पाणउतारा करते, आणि नाइटली तिला सांगतो की, ती तुझ्या बरोबरीची असती तर गोष्ट वेगळी होती, पण ती गरीब आहे, चांगल्या दिवसांतून या दिवसांत आलेली आहे. मिस बेट्स म्हणजे पैशावाचून म्हातारी झालेली एलिझाबेथ वॉट्सन, असे मी नेहमी मानत आले आहे. ‘द वॉट्सन्स’ वाचलेल्या माणसाला तो एक टोमणा फार जोरात लागतो.

आपली नायिका लोकांना आवडणार नाही, याची ऑस्टिनला पूर्ण कल्पना होती. माझ्याशिवाय कोणालाही फारशी आवडणार नाही अशी नायिका मी घेत आहे, असे तिने म्हटल्याचे भाच्याने चरित्रात नोंदवले आहे. १८१६ च्या सुमारास तिने, निरनिराळ्या लोकांनी केलेल्या सूचना एकत्र गुंफून, एका आदर्श कादंबरीचा आराखडा थट्टेने लिहिला. त्यातील नायिकेत दोष म्हणून नाही आणि विनोदबुद्धीही नाही. मार्च १८१७ मध्ये भाची फॅनी नाइट हिला लिहिलेल्या पत्रात तर, परिपूर्णतेच्या मूर्ती पाहिल्या की मला मळमळते आणि दुष्टपणा सुचतो, असे तिने सरळ लिहिले. ‘पर्सुएशन’च्या नायिकेबद्दल त्याच पत्रात ती म्हणते की, ती माझ्या मानाने जरा जास्तच चांगली आहे. ‘मॅन्सफिल्ड पार्क’मधील सद्गुणी फॅनी प्राइस ऑस्टिनच्या आईला मिळमिळीत वाटली होती, आणि या बाबतीत मी आईच्या बाजूची आहे.

‘सँडिटन’ शेवटी ठेवा. २७ जानेवारी १८१७ रोजी सुरू केलेली ही कादंबरी १८ मार्चला, बाराव्या प्रकरणात थांबली. लेखिका आजारी होती, आणि विनोद चालला आहे तो समुद्रकाठच्या नव्या आरोग्यस्थळाचा आणि कल्पित आजारांचे लाड करणाऱ्या मंडळींचा. यात नायिका शार्लट फार थोडी पुढे येते. तिच्यापेक्षा वेस्ट इंडीजमधून आलेली श्रीमंत, मिश्रवंशीय मिस लँब हिच्याविषयी उत्सुकता वाटते, पण तिचे दर्शन होते न होते तोच हस्तलिखित संपते. २०१९ च्या दूरचित्रवाणी मालिकेतील बहुतेक कथानक पुढे इतरांनी रचलेले आहे, हे मंडळात आधीच सांगून टाका. तसेच २०१६ चा ‘लव्ह अँड फ्रेंडशिप’ हा चित्रपट नाव किशोरवयातील लेखनाचे घेतो, पण कथा ‘लेडी सुसान’ची सांगतो, माझ्या वर्गात यावरून मोठा घोळ होत असे.

क्रमाबद्दल वर सांगितलेच आहे. पुस्तकांबद्दल एवढेच की, ‘लेडी सुसान’, ‘द वॉट्सन्स’ आणि ‘सँडिटन’ हे तिन्ही एकत्र असलेली पेंग्विनची आवृत्ती सोयीची आहे. ‘लेडी सुसान’ आणि ‘लव्ह अँड फ्रेंडशिप’ हे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. किशोरवयातील लेखनात शुद्धलेखनाच्या चुका मुद्दाम तशाच छापतात, त्यामुळे शब्दकोशात शब्द सापडला नाही तर गोंधळू नका. अपुऱ्या कादंबऱ्यांचे इतरांनी लिहिलेले शेवट वाचावेत का, असेही तुमच्या मनात येईल. ऑस्टिनची भाची कॅथरीन हबॅक हिने ‘द वॉट्सन्स’चा धागा घेऊन १८५० साली ‘द यंगर सिस्टर’ लिहिली. जिज्ञासा म्हणून ती चाळायला हरकत नाही. त्यापेक्षा कॅसांड्राने घरातल्या मुलींना सांगितलेला शेवट पुरेसा आहे: वडील वारणार होते, एमा वॉट्सन भाऊ-भावजयीच्या आश्रयाला जाणार होती, आणि लॉर्ड ऑसबर्नला नकार देऊन पाद्री हॉवर्डशी तिचे लग्न होणार होते. थोरल्या एलिझाबेथचे पुढे काय होणार होते, ते मात्र कॅसांड्राने सांगितलेले नाही. मंडळातील चर्चेसाठी मी तोच प्रश्न निवडेन.